मॅजिक किंगडम, ऑक्टोबर २०२०: एका निवृत्त ओटी सिस्टरने पाहिलेली व्यवस्था

अधिक महिना चालू होता. जावयाला वाण द्यायचं म्हणून मी फ्लोरिडातल्या टँपाला, लेकीच्या स्वयंपाकघरात तेहतीस अनारसे तळले. वाण हातात घेतल्यावर जावई म्हणाले, "आई, जानेवारीपासून तुम्ही इथे आहात आणि घर सोडून काही पाहिलं नाहीत. एक दिवस डिस्नेला जाऊ या." मी सरळ नाही म्हणाले. लेकीने मग त्यांच्या वेबसाइटवरचे नियम माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "तू वाचून ठरव, तू नाही म्हणालीस तर विषय बंद." दोन रात्री वाचले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. मंगळवारी, १३ ऑक्टोबरला आम्ही चौघं ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कात गेलो: लेक, जावई, साडेचार वर्षांची नात आणि मी.

मी नाही का म्हणत होते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कोणत्या नजरेने लिहिलंय ते कळेल. हे लिखाण २०२० च्या ऑक्टोबरअखेरीचं आहे, नियम आणि आकडे तेव्हाचे. वय त्रेसष्ट, बीपीची गोळी चालू. माझ्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये कोविड बसत नाही. परतीचं तिकीट एप्रिलचं होतं, पण मार्चच्या अखेरीला भारताची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि मी इथेच अडकले. व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज करून बसले आहे. अशा अवस्थेत परक्या देशात आजारी पडणं मला परवडणारं नाही. आणि मी चौतीस वर्षं सोलापूरकडच्या एका सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) सिस्टर होते. "आम्ही सर्व काळजी घेतो" अशा पाट्या मी आयुष्यभर वाचल्या आहेत. पाटीखालची बाटली रिकामी असते, हेही बघितलं आहे.

ओटीत हात धुण्याच्या बेसिनला कोपराने उघडणारा नळ असतो. सर्जन कितीही घाईत असो, कितीही विसरभोळा असो, धुतलेला हात त्या नळाला लागत नाही, कारण लावायची गरजच पडत नाही. चांगली व्यवस्था मी त्या नळावरून ओळखते. नुसता नियम सांगून माणूस वागत नाही. बरोबर वागणं सोपं आणि चुकीचं वागणं अवघड करावं लागतं, आणि शेजारी आठवण करून देणारं कुणीतरी उभं असावं लागतं. हीच फूटपट्टी घेऊन मी गेले होते.

डिस्ने वर्ल्ड (एकूण चार पार्कं) मार्चच्या मध्यापासून बंद होतं. ११ जुलैला मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम उघडली, १५ जुलैला उरलेली दोन. पहिली दोन उघडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, फ्लोरिडात एका दिवसात १५,२९९ नवे रुग्ण नोंदले गेले. तोपर्यंत अमेरिकेतल्या कुठल्याच राज्यात एका दिवसात इतके निघाले नव्हते. टीव्हीवर ती बातमी बघताना मी लेकीला म्हणाले होते, ही माणसं वेडी आहेत. आज ते पार्क आतून बघितल्यावरही जुलैच्या त्या आठवड्यात उघडणं मला पटत नाही. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड ऑक्टोबरातही बंदच होतं, हाँगकाँगचं जूनमध्ये उघडून जुलैत पुन्हा बंद करावं लागलं. ऑक्टोबरपर्यंत इथले आकडे बरेच खाली आले होते म्हणून मी गेले. ते वर गेले असते तर अनारसे खाऊन घरीच बसलो असतो.

पहिली गोष्ट घरूनच सुरू होते. नुसतं तिकीट असून चालत नव्हतं. कोणत्या दिवशी कोणत्या पार्कात, हे आधी राखून ठेवावं लागत होतं आणि एका दिवसात एकाच पार्कात जाता येत होतं. नेहमीच्या गर्दीच्या साधारण चौथा हिस्सा माणसंच ते आत घेत होते. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सगळ्यात मोठा, आणि फोटोत सगळ्यात कमी दिसणारा. वॉर्डात खाटा किती आणि नातेवाईक किती, यावरच निम्मं इन्फेक्शन ठरतं, हे कुठल्याही सिस्टरला विचारा.

गाडी लावल्यावर पार्किंगमधून नेणारी ट्राम बंद, म्हणून चालत गेलो. पुढे तंबूत ताप बघतात. कपाळाला न टेकवता थर्मामीटर धरायचा, १००.४ फॅरनहाइट किंवा वर भरला की तुम्ही आणि तुमच्याबरोबरचे सगळे परत. उन्हात चालून कपाळ तापलं असेल तर गार जागी बसवून पुन्हा मोजतात, ही सोय चांगली आहे. काम सफाईने होतं, रांग अडत नाही. पण या तपासणीवर मी फार भरवसा ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. या आजारात लक्षणं दिसायच्या आधीच माणूस दुसऱ्याला देतो आणि कित्येकांना ताप येतच नाही. आलाच तर पॅरासिटॅमॉल घेऊन तासाभरात कपाळ गार करता येतं. ताप असलेला माणूस घरीच थांबावा, एवढा धाक त्या तंबूने बसतो. तेवढ्यापुरता तो ठीक.

तिथून पार्कापर्यंत मोनोरेल किंवा तळ्यातली फेरीबोट. मी बोट घ्यायला लावली. वारा खेळता राहतो, आणि डेकवर कुठे उभं राहायचं याच्या खुणा रंगवलेल्या आहेत. ५ ऑक्टोबरलाच सीडीसीने, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, मान्य केलं की हा विषाणू हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतूनही, सहा फुटांपलीकडे, विशेषतः बंद जागेत पसरू शकतो. त्यामुळे त्या दिवशीचा माझा एकच हट्ट होता: जिथे उघडी हवा असेल ते आधी. तिकिटाच्या दारात पूर्वी बोटाचा ठसा घ्यायचे म्हणे. आता तो बंद आहे, मनगटावरचा बँड नुसता यंत्राजवळ धरायचा. हजारो माणसांनी एकाच काचेवर बोट दाबायचं थांबवलं हे बघून मला बरं वाटलं.

मास्कचे नियम मला सर्वांत आवडले, कारण ते लिहिणाऱ्याला मास्कमधलं कळत होतं. दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो. निदान दोन थरांचा, नाक, तोंड आणि हनुवटी झाकणारा, कानात किंवा डोक्यामागे अडकवलेला. झडपेचा मास्क चालत नाही (झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, तो आपल्याला वाचवेल पण शेजाऱ्याला नाही). जाळीचा चालत नाही, गळ्यातून वर ओढायचं फडकं चालत नाही, रुमाल चालत नाही. नुसती फेस शील्ड मास्कच्या जागी चालत नाही. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तेव्हा आमच्याकडेही लोक चार घड्यांचे रुमाल बांधून यायचे, नाक उघडं आणि मन निर्धास्त. त्या वेळी इतकं स्पष्ट कुणी सांगितलं असतं तर आमचं काम हलकं झालं असतं.

हा नियम त्यांनी वाटेत दुरुस्तही केला आहे. सुरुवातीला खाता-पिताना मास्क काढायला परवानगी होती. मग काय, लोक हातात पॉपकॉर्न धरून दिवसभर उघड्या तोंडाने फिरणार. जुलैतच नियम बदलला: खायचं-प्यायचं तर एका जागी थांबून, इतरांपासून अंतर ठेवून. फट दिसली की ती बुजवायची, ही ओटीची रीत. राइडवर काढलेल्या फोटोत मास्क खाली दिसला तर तो फोटोही मिळत नाही. दंड नाही, वादावादी नाही, फोटो नाही एवढंच. मला हे कोपराच्या नळासारखं वाटलं.

दारावरून पुढे गेलं की लोक नियम विसरतात, तिथेच खरी परीक्षा असते. आम्ही पाच-सहा तास होतो. त्यात नाकाखाली मास्क असलेली माणसं मी नऊ मोजली. मोजायची सवय जात नाही, ऑपरेशन संपताना गॉज (रक्त टिपायच्या कापडी घड्या) मोजल्यासारखी. त्या नऊपैकी सहांना माझ्या डोळ्यांसमोर कर्मचाऱ्यांनी अडवलं. आवाज न चढवता, स्वतःच्या मास्कवर दोन बोटं ठेवून, हसऱ्या डोळ्यांनी खूण करून. एक गृहस्थ वैतागले. तो कोवळा मुलगा दोन पावलं मागे सरला, पण ते मास्क वर घेईपर्यंत हलला नाही. हे किती अवघड असतं ते मला माहीत आहे. मोठ्या सर्जनला "सर, मास्क" म्हणायला मला पहिली पाच वर्षं धीर झाला नव्हता. आणि लक्षात घ्या, पार्काच्या कुंपणाबाहेर या राज्यात २५ सप्टेंबरपासून हॉटेलं, बार सगळं मोकळं झालं होतं आणि मास्क न घातल्याचे दंड थांबवले होते. बाहेर सवय सुटलेल्या माणसांकडून आत नियम पाळून घेणं हे त्या पोरांच्या माथी आलं आहे.

रांगा बघून घाबरू नका. माणसं सहा-सहा फुटांवर उभी असल्याने रांग रस्त्यावर आल्यासारखी दिसते, पण पटापट सरकते. जमिनीवर पट्ट्या आहेत, आणि जिथे रांग वळून आपल्याच शेजारून जाते तिथे मध्ये पारदर्शक पत्रे लावलेत. पत्रा शिंक-खोकल्याचे थेंब अडवतो, हवा अडवत नाही, हे मात्र डोक्यात ठेवा. नातीला या पट्ट्यांचा खेळच सापडला, एकीवरून दुसरीवर उडी. लहान मुलाला "लांब उभी राहा" म्हणून कळत नाही, "त्या पट्टीवर उभी राहा" म्हटलं की कळतं.

प्रत्येक राइडच्या आत जाताना आणि बाहेर येताना सॅनिटायझर आहे. मी बघितलेल्या सगळ्या यंत्रांत तो होता, एकही रिकामं नव्हतं. लोक मात्र थेंबभर घेऊन पँटला पुसतात. हाताला ओलसर राहिलं पाहिजे, बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याभोवती, नखांच्या टोकांना, आणि आपोआप वाळेपर्यंत वीसेक सेकंद चोळायला हवं. नातीला मी ओटीतल्या पायऱ्या शिकवल्या आहेत, ती रांगेत उभी राहून मोठ्याने म्हणत होती आणि मागची दोन अमेरिकन पोरं तिची नक्कल करत होती. चिकट, तेलकट हातांवर सॅनिटायझर चालत नाही. खाण्याआधी साबणानेच धुवा, त्यासाठी हात धुण्याची जादा ठिकाणं केली आहेत.

राइडपैकी डम्बो आणि मेरी-गो-राउंड उघड्यावरचे, ते आम्ही दोन-दोनदा घेतले. 'हाँटेड मॅन्शन'मध्ये पूर्वी एका बंद खोलीत सगळ्यांना दाटीने उभं करून खोली लांबत जाण्याचा खेळ दाखवायचे. आता त्या खोलीत थांबवतच नाहीत, चालत पुढे नेतात. लेक-जावई जाऊन आले, मी गेले नाही. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'साठी मात्र नात हटून बसली. बंद हॉल, पण प्रशस्त. बोटीत एक रांग सोडून एक रांग बसवतात, आमच्या रांगेत आम्हीच. दहा मिनिटं, सगळ्यांचे मास्क नाकावर, कुणी ओरडत नाही. मी हिशेब केला आणि बसले. बाहेर आल्यावर पुढची वीस मिनिटं झाडाखाली नुसती मोकळ्या हवेत बसून राहिले, हेही प्रामाणिकपणे सांगते.

मिरवणुकीबद्दल थोडं जास्त लिहायचं आहे. नेहमीची मोठी परेड बंद आहे, रात्रीची आतषबाजी बंद, पार्क संध्याकाळी लवकर मिटतं. त्याऐवजी दिवसातून अनेकदा, वेळ जाहीर न करता, एक-दोन गाड्यांची छोटी फेरी निघते. मिकी, राजकन्या हात हलवत जातात आणि दोन मिनिटांत संपतं. गर्दी जमते ती वेळ ठाऊक असते म्हणून. वेळच सांगितली नाही तर जो जिथे उभा आहे तो तिथेच उभा राहून बघतो. मी सोलापूर जिल्ह्यातली. या वर्षी १ जुलैच्या आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, रस्ते मोकळे होते, हे मी इथे फोनवर बघत होते आणि डोळ्यांना धार लागली होती. त्या फेरीसमोर उभं असताना मला तेच आठवलं. दोन्हीची बरोबरी मी करत नाही. पण लाडक्या गोष्टीचा आकार लहान करून ती चालू ठेवायची आणि माणसं जमू द्यायची नाहीत, हे दुःख आणि हे शहाणपण मला ओळखीचं वाटलं.

"आज्जी, मिकी जवळ का येत नाही?" नातीने विचारलंच. पूर्वी मुलांना मिकीला मिठी मारता यायची. मी म्हणाले, "तो सगळ्यांना भेटतो ना, मग एकाचा आजार दुसऱ्याला द्यायला नको म्हणून तो लांबून भेटतो. मी नाही का सोलापूरच्या मामाला फोनवरून भेटत?" तिला पटलं. मला रडू आलं, ते मास्कमध्ये राहिलं.

गाणारे-नाचणारे कलाकार मास्क घालू शकत नाहीत. त्यांच्या युनियनने, अ‍ॅक्टर्स इक्विटीने, आमच्या नियमित चाचण्या करा मगच येतो, असा आग्रह धरला होता. त्यामुळे जुलैत ते कामावर नव्हते. ऑगस्टमध्ये पार्काच्या जागेत चाचणीकेंद्र उघडायचं ठरलं आणि ते परतायला लागले. मी हे मुद्दाम लिहिते आहे. पाहुण्यांची सुरक्षितता म्हणजे कर्मचाऱ्यांची सुरक्षितता, दोन वेगळ्या वह्या नाहीत. रुग्णालयात आम्हाला हे समजावून सांगायला फार वर्षं लागली.

खाण्याचं म्हणाल तर मोबाइलवर ऑर्डर द्यायची, निरोप आला की दारात जायचं. ही सोय चांगली आहे, पण मी बंद खोलीत मास्क काढून बसणार नव्हते. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उरलेले अनारसे नेले होते. कडेच्या बाकावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून जेवलो. मास्क काढून कुठे ठेवायचा ते आधी ठरवा. मी प्रत्येकाचे तीन मास्क नेले होते, वापरलेल्यांची पिशवी वेगळी. ऑक्टोबरातही ऑर्लँडोत उकडतं, घामाने भिजलेला मास्क श्वास अडवतो आणि गाळतही नाही. भिजला की बदला.

तुलनेसाठी सांगते, सप्टेंबरात आमच्या भागातल्या एका लहान मुलांच्या खेळघरात आम्ही नातीला घेऊन गेलो होतो. नाव लिहीत नाही. दारावर हेच सगळे नियम, अगदी सुबक छापलेले. आत सॅनिटायझरची बाटली रिकामी, पोरं घामाघूम, काउंटरवरच्या मुलीचा मास्क हनुवटीला. आम्ही दारातूनच परतलो, नात गाडीत रडली. कागदावर दोन्ही ठिकाणं सारखीच होती.

पार्काला मी पाचपैकी चार देईन. एक गुण कापला तो त्यांच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी: देशभरातून लोक विमानाने, गाडीने इथे येतात, हॉटेलात राहतात, बाहेरच्या बारमध्ये बसतात. पार्काशी जोडलेला मोठा उद्रेक आरोग्य अधिकाऱ्यांनी अजून नोंदलेला नाही. ती चांगली खूण आहे, पण इथून घरी गेलेला माणूस आठवड्याने ओहायोत आजारी पडला तर तो कुणाच्या वहीत लिहायचा? म्हणून आम्ही परतल्यावर चौदा दिवस मोजले. २५ तारखेच्या दसऱ्याला मराठी मंडळींकडून सोनं लुटायला बोलावणं होतं, गेलो नाही, दारात ठेवलेली आपट्याच्या पानांची पिशवी घेतली. २७ ला चौदा दिवस पुरे झाले. सगळे ठीक. तुम्ही जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी जा, उघड्यावरच्या राइड आधी घ्या. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आठवड्यात जाऊ नका. आणि घरात केमो चालू असलेलं, डायलिसिसवरचं कुणी असेल तर या २०२० सालात अजिबात जाऊ नका.

एक राहिलं. डम्बोजवळच्या कठड्यावर एक बाई पुसण्याचं काम करत होत्या. माझ्याच वयाच्या असाव्यात. आधी औषध फवारायच्या, मग फडकं लगेच न फिरवता थांबायच्या. औषधाला जंतू मारायला वेळ द्यावा लागतो, ते ओलं राहिलं पाहिजे, हे आमच्याकडे नव्या मुलींना शंभरदा सांगावं लागायचं. या बाई मनातल्या मनात आकडे मोजत होत्या, मास्कखाली ओठ हलताना दिसत होते. मी लेकीला म्हणाले, हिला सांग की मी ओटीत होते आणि तिचं काम बघून मला माझी मैत्रीण भेटल्यासारखं वाटलं. लेकीने सांगितलं. त्या थांबल्या, हात छातीवर ठेवला आणि म्हणाल्या की आमच्या गटातल्या किती जणी पुढच्या महिन्यात असतील माहीत नाही. २९ सप्टेंबरला कंपनीने अमेरिकेतल्या २८,००० लोकांना कमी करायचं जाहीर केलं होतं, त्यातले बहुतेक अर्धवेळ काम करणारे.

त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि गाव होतं, ते मी मास्कच्या पिशवीवर लिहून घेतलं. इथे छापत नाही. पण कर्मचाऱ्यांचं कौतुक कळवायची कंपनीची सोय आहे, त्यावर रात्री लेकीकडून लिहून घेतलं: या बाई औषधाला पूर्ण वेळ देतात, यांना कामावर ठेवा. तुम्ही गेलात आणि असं काम दिसलं, तर नाव टिपून घ्या आणि कळवा.